यादीच्या पोटातली यादी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाविषयी लिहू नये असा काही दंडक आपल्या महाविद्यालयात असेल, तर तो मोडल्याबद्दल संपादक मंडळाने मला क्षमा करावी. वार्षिकात कविता, प्रवासवर्णन, एखाद-दुसरी कथा आणि शेवटी चुटके असा क्रम ठरलेला असतो. त्यात संकेतस्थळावरील मेनूविषयीचा लेख पाहून, ‘हा विज्ञान शाखेचा मजकूर चुकून इकडे आला की काय?’ असे कुणाला वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु हा मजकूर चुकून आलेला नाही. किंबहुना, हा विषय इतकी वर्षे आपण दुसऱ्यांच्या अंगावर टाकून मोकळे झालो हेच चुकले, असे माझे प्रामाणिक मत आहे. आणि ते का, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक. संकेतस्थळाच्या माथ्यावर एक आडवी पट्टी असते. ‘मुख्यपृष्ठ’, ‘आमच्याविषयी’, ‘विभाग’, ‘योजना’, ‘संपर्क’ असे शब्द तिच्यावर एका ओळीत मांडलेले असतात. माऊसचा बाण एखाद्या शब्दावर नेला की त्याखाली एक यादी उलगडते. त्या यादीतील एखाद्या शब्दावर नेला की बाजूला दुसरी. आणि तिच्यातून कधी कधी तिसरी. यादीच्या पोटात यादी आणि तिच्या पोटात आणखी एक यादी. याला बहुस्तरीय मेनू म्हणतात. तो कसा दिसावा, केव्हा उघडावा आणि केव्हा मिटावा हे ज्या नियमांनी ठरते, त्यांच्या पत्रकाचे नाव ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट’, संक्षेपाने सीएसएस. या लेखात मी त्याला शैलीपत्रक म्हणेन.

या विषयाशी माझा संबंध आला तो हौसेपोटी. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत संकेतस्थळे तयार करण्याचा एक छोटा वर्ग मी केला, आणि शिकलेले कुठे तरी वापरावे म्हणून आमच्या भित्तिपत्रकाच्या जुन्या अंकांचे एक संकेतस्थळ बनविले. त्याला चांगला चार मजली मेनू होता. ‘साहित्य’वर बाण नेला की ‘कविता’, ‘कथा’, ‘ललित’, ‘कविता’वर नेला की वर्षे, वर्षावर नेला की अंक, आणि अंकावर नेला की कवींची नावे. एकेक यादी पंख्याच्या पात्यासारखी अलगद उघडे. पाहणारे ‘वा!’ म्हणत आणि मी संकोचल्यासारखे करी. त्या दिवसांत मला जर कुणी विचारले असते की, हा मेनू कुणासाठी आहे, तर ‘वाचकांसाठी’ असे मी छातीठोकपणे सांगितले असते.

गेल्या वर्षी मात्र एक प्रसंग घडला. माझ्या एका वर्गमित्राला जन्मतः दिसत नाही. त्याला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. ग्रंथालयातील संगणकावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली आहे. ती लावून, माऊसला हातही न लावता, केवळ कळफलकाच्या आधाराने तो भराभर काम करतो. त्याचा वेग पाहून आपण थक्क व्हावे. संबंधित कार्यालयाचे संकेतस्थळ त्याने उघडले. टॅबची कळ दाबली की ‘फोकस’ पुढच्या दुव्यावर जातो आणि यंत्र त्या दुव्याचे नाव उच्चारते. यंत्र म्हणाले, ‘योजना.’ पुन्हा कळ दाबली. यंत्र म्हणाले, ‘संपर्क.’ तो मागे आला, पुन्हा पुढे गेला. योजना, संपर्क. योजना, संपर्क. शेवटी माझ्याकडे वळून तो म्हणाला, “अरे, योजना आहे म्हणते, पण योजनेच्या पोटात काहीच नाही.”

मी माऊस हातात घेतला. ‘योजना’, त्याखाली ‘विद्यार्थी’, त्याच्या बाजूला ‘शिष्यवृत्ती’, आणि त्याच्या पुढे ‘अर्ज’. मी म्हटले, “आहे की रे! हा काय.”

तो शांतपणे म्हणाला, “तुला आहे.”

हे दोन शब्द मला फार लागले. त्यानंतर माझी स्वतःचीही फजिती झालीच. ‘अर्ज’कडे जाताना बाण जरासा तिरका गेला आणि सगळ्या याद्या एकदम मिटल्या. असे तीनदा झाले. म्हणून मी खिशातील फोन काढला; तर त्यावर ‘योजना’ला बोट लावताच प्रास्ताविकाचे एक पान उघडले आणि मेनू गुप्त झाला. अखेरीस माऊसनेच, सुईत दोरा ओवावा तशा एकाग्रतेने, मी त्या ‘अर्जा’पर्यंत पोचलो. मित्राचा अर्ज त्या दिवशी गेला. पण तो माझ्या हाताने गेला. बाहेर पडताना तो म्हणाला, “अर्ज मला भरता येतो रे. सोबत माणूस आणायचा नव्हता, इतकंच.”

त्या रात्री मी माझे भित्तिपत्रकाचे संकेतस्थळ उघडले, माऊस बाजूला ठेवला आणि टॅबची कळ दाबीत गेलो. ‘साहित्य’, आणि मग थेट ‘संपर्क’. माझ्याही साहित्याच्या पोटात काहीच नव्हते.

हे कसे घडते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. कारण दोष यंत्राचा नाही, नियम लिहिणाराचा आहे. पानाचा सांगाडा ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. तिच्यात यादीसाठी ‘यूएल’ आणि यादीतील प्रत्येक कलमासाठी ‘एलआय’ अशी खूण आहे. एका कलमाच्या आत दुसरी सबंध यादी ठेवता येते. प्रबंधाच्या अनुक्रमणिकेत प्रकरणाखाली उपप्रकरणे असतात, अगदी तशीच. शैलीपत्रक जोडले नाही, तर ब्राउझर ही अनुक्रमणिका ठिपके देऊन, आतल्या याद्या थोड्या उजवीकडे सरकवून, एकाखाली एक दाखवितो. ती काही देखणी नसते. पण सर्वांना सगळी वाचता येते.

मग शैलीपत्रक येते. त्याचा पहिला नियम ठिपके काढून टाकतो. दुसरा नियम वरच्या यादीतील कलमे आडवी मांडतो. तिसरा नियम म्हणतो, ‘आतील याद्या दाखवूच नकोस’. यासाठी ‘डिस्प्ले नन’ असे दोन शब्द लिहावे लागतात. चौथा नियम म्हणतो, ‘एखाद्या कलमावर बाण येऊन ठेपला, तर त्याच्या लगतची यादी दाखव’. बाण ठेपण्याच्या या अवस्थेला ‘होव्हर’ म्हणतात. यातील ‘लगतची’ हा शब्द महत्त्वाचा. शैलीपत्रकात मूल आणि वंशज असा भेद आहे, आणि मूल दाखविण्यासाठी गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरतात. ते विसरले, तर पहिल्या शब्दावर बाण नेताच सगळ्या पिढ्या एकदम अंगावर येतात. घरातल्या थोरल्याला हाक मारावी आणि नातवंडा-पतवंडांसकट सगळा गोतावळा ओसरीवर यावा तसे! पाचवा नियम जागेचा : बाहेरचे कलम ‘रिलेटिव्ह’ आणि आतील यादी ‘अ‍ॅब्सोल्यूट’ ठरविली, म्हणजे ती यादी आपल्या जन्मदात्या कलमाला धरून लोंबते आणि खालच्या मजकुराला ढकलीत नाही. बस्स, इतकेच. या पाच नियमांवर जगातील असंख्य मेनू उभे आहेत.

या तंत्राला थोडा इतिहासही आहे. शैलीपत्रकाची कल्पना होकोन विउम ली या नॉर्वेजियन गृहस्थांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होते. वर्ल्ड वाइड वेबचा जन्मही तिथलाच. पुढे डच संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. त्या काळी उघडझाप करणारे मेनू लांबलचक आज्ञावल्यांनी करीत. नोव्हेंबर २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात ‘सकरफिश’ नावाची रीत प्रसिद्ध केली. साधी यादी, वर सांगितले तसे नियम, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या तेव्हाच्या बलाढ्य ब्राउझरला ‘होव्हर’ फक्त दुव्यांवरच कळत असे म्हणून त्याच्यासाठी डझनभर ओळींची एक छोटी आज्ञावली, असा तो मेळ होता. रीत सुटसुटीत होती, फुकट होती, आणि ती वाऱ्यासारखी पसरली. तिच्या सुधारित रूपात, आतील यादी नाहीशी करण्याऐवजी पडद्याच्या डाव्या कडेबाहेर दूर सरकवून ठेवण्याची युक्ती आली. डोळ्यांना ती यादी दिसत नसे, पण वाचून दाखविणाऱ्या यंत्राला सापडे. म्हणजे ज्यांनी ही रीत लोकप्रिय केली, त्यांनाही न पाहणाऱ्या वाचकाची आठवण होती. विसर पडला तो आपल्याला, नक्कल करणारांना.

आता माझे म्हणणे सांगतो. शैलीपत्रकाला आपण ‘शैली’ म्हणतो म्हणून तो केवळ सजावटीचा मामला आहे, असे आपण धरून चालतो. रंग निळा असावा की हिरवा, कडा गोल असाव्यात की टोकदार, यावर तासन्‌तास वाद होतात. परंतु ‘दाखवू नकोस’ हा नियम सजावटीचा नाही. तो प्रवेशाचा नियम आहे. ‘बाण ठेपला तरच दाखव’ या वाक्याचा मराठीत सरळ अर्थ असा होतो की, ज्याच्या हातात माऊस आहे, ज्याचा हात थरथरत नाही, ज्याला पडदा दिसतो आणि ज्याच्या पडद्याला पुरेशी रुंदी आहे, त्यालाच आत घे. असा फलक आपण आपल्या दारावर कधी लावू काय? परंतु पत्रकात दोन ओळी लिहून आपण तो लावतोच, आणि तो कुणाला दिसतही नाही.

येथे मानसशास्त्राच्या सहाध्यायांना पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आठवण होईल. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो, हा त्यांचा १९५४ सालचा सिद्धान्त आहे. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. बहुस्तरीय मेनूत तर लक्ष्य दूर, लहान आणि शिवाय वाट अरुंद. ‘शिष्यवृत्ती’पासून ‘अर्जा’कडे सरळ आडवेच गेले पाहिजे, जवळचा तिरका रस्ता धरला की बाण शेजारच्या कलमावर पडतो आणि यादी बदलते. मनुष्याचा हात स्वभावतः तिरका जातो. म्हणजे हाताने जो रस्ता धरावा अशी निसर्गाची योजना आहे, त्याच रस्त्याला मेनूत दंड आहे! शहाणे रचनाकार यादी मिटण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवलत ठेवतात; शैलीपत्रकात ‘ट्रान्झिशन’ला थोडा विलंब दिला की हे साधते. पण ती सवलत आठवणीने ठेवावी लागते. आणि फोनवर तर ‘होव्हर’ नावाची अवस्थाच नाही. बोट एक तर काचेवर असते किंवा नसते. ते काचेवर तरंगत नाही. काही फोन पहिला स्पर्श ‘होव्हर’ समजून घेतात आणि दुसऱ्या स्पर्शाने दुवा उघडतात. काही ठिकाणी पहिल्याच स्पर्शाने दुवा उघडतो. आमच्या वसतिगृहात संगणक असणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. फोन मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. मग हा चार मजली मेनू कुणासाठी?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शैलीपत्रकाच्या नावातच दडलेले आहे, आणि ते मला फार सुंदर वाटते. ‘कॅस्केड’ म्हणजे धबधब्यासारखे पायरीपायरीने उतरणे. एकाच कलमाला अनेक नियम लागू होऊ शकतात. ब्राउझरचे स्वतःचे नियम असतात, पान लिहिणाराचे असतात, आणि वाचणाराचेही असू शकतात. यांच्यात भांडण झाले तर कुणाचे ऐकावयाचे, याचा निवाडा म्हणजे कॅस्केड. एरवी लेखकाचा नियम वाचकाच्या नियमावर चालतो. पण नियमापुढे ‘इम्पॉर्टंट’ असा शिक्का मारता येतो. आणि लेखक आणि वाचक या दोघांनीही शिक्का मारला असेल तर? पहिल्या आवृत्तीत लेखकाची सरशी होई. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटे करण्यात आले. तेव्हापासून शेवटचा शब्द वाचकाचा आहे. साहित्यात लेखक श्रेष्ठ की वाचक, यावर आपण किती चर्चासत्रे ऐकली! या मंडळींनी तो प्रश्न एका वाक्यात निकाली काढला : ज्याला वाचावयाचे आहे, त्याची गरज लेखकाच्या आवडीहून मोठी. बहुतेक ब्राउझरांनी वाचकाने स्वतःचे पत्रक जोडण्याची सोय आता दृष्टीआड केली आहे, हे खरे. पण तत्त्व नियमपुस्तकात कायम आहे. आपले मेनू मात्र त्या तत्त्वाच्या नेमके उलट वागतात.

हाच विचार आपल्याकडे त्याच्याही पुष्कळ आधी झालेला आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचा आहे. आपल्या ग्रंथपालांना विचारा. कपाटावरील पाटी, कार्डांची पेटी, वर्गांक हे सारे त्या एका नियमासाठी असते. मेनू म्हणजे दुसरे काय? तो संकेतस्थळाच्या दारातला ग्रंथपाल आहे. परंतु अनेक संकेतस्थळांवर मेनूची रचना वाचकाच्या प्रश्नांप्रमाणे नसते, तर संस्थेच्या खुर्च्यांप्रमाणे असते. प्रथम अध्यक्ष, मग कार्यकारिणी, मग विभाग, विभागाखाली उपविभाग. आणि ज्यासाठी माणूस आलेला असतो तो अर्ज चौथ्या मजल्यावर. एसटीच्या स्थानकावरील फलक आठवून पाहा. तेथे गावाचे नाव, वेळ आणि फलाट लिहिलेला असतो. आगारप्रमुखाच्या हाताखाली कोण कोण आहे, याची उतरंड लिहिलेली नसते. कारण प्रवाशाला गावाला जावयाचे असते.

आणि येथेच आपला, म्हणजे कला शाखेचा, संबंध येतो. कशाला काय म्हणावे, कशाखाली काय घालावे आणि कशाच्या आधी काय यावे, हे प्रश्न संगणकाचे नाहीत. ते भाषेचे, तर्काचे आणि समाजाच्या जाणिवेचे आहेत. ‘संकीर्ण’, ‘इतर’, ‘महत्त्वाचे दुवे’ अशी नावे ज्या मेनूत आहेत, तेथे कुणीतरी विचार करण्याचा कंटाळा केला आहे असे समजावे. (महत्त्वाचे दुवे तेथे आहेत, तर बाकीचे दुवे कशासाठी आहेत?) शिवाय ही रचना बहुधा इंग्रजी शब्दांच्या मापाने शिवलेली असते आणि मराठी शब्द तिच्यात कोंबले जातात. कलमाची उंची ठरावीक आणि बाहेर जाईल ते कापून टाका असा नियम असला, की खालचे उकार आणि वरचे रफार छाटले जातात. अक्षरांमधील अंतर वाढविण्याचा नियम रोमन लिपीत शोभून दिसतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे मणी होतात. सगळी अक्षरे मोठ्या लिपीत करण्याच्या नियमाचा देवनागरीवर काही परिणामच होत नाही, कारण आपल्याकडे मोठी आणि छोटी लिपी असा भेद नाही; त्यामुळे त्या नियमावर भरवसा ठेवून केलेला वरच्या आणि खालच्या स्तरांतील फरक मराठीत नाहीसा होतो. आणि ‘विद्यार्थी कल्याण व सांस्कृतिक कार्य विभाग’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांच्या मापाने कापलेल्या चौकटीत मावेल कसे? या गोष्टी मराठी वाचणाऱ्या माणसाच्याच लक्षात येणार. ज्याला मराठी वाचावयाचे नाही, त्याला त्या कधीच खटकणार नाहीत.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मोठ्या संस्थेचा पसारा मोठा असतो. सगळे दाखवावयाचे तर स्तर हवेतच. पसारा असतो, हे मला मान्य आहे. पण सगळे एकाच दारात दाखविलेच पाहिजे असे कुणी सांगितले? ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत प्रकरणे असतात. प्रत्येक परिच्छेद नसतो. वरच्या पट्टीत एक स्तर, फार तर दोन. तिसरा स्तर त्या त्या पानावर, उघडा आणि ठळक. वाचक एक पान अधिक उघडील, पण हातातून निसटणाऱ्या यादीमागे धावणार नाही. दुसरा आक्षेप असा की, सर्वांची सोय पाहत बसले तर सौंदर्य उरत नाही. हा आक्षेप कला शाखेतूनच अधिक येतो, म्हणून त्याचे मला वाईट वाटते. ज्या सौंदर्याला काही माणसे बाहेर ठेवल्याशिवाय उभेच राहता येत नाही, त्याला सौंदर्य म्हणावे की मिरवणे, याचा विचार सौंदर्यशास्त्राच्या तासाला व्हावयास हवा.

आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि पुढे ती सुधारली गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे आणि माहितीच्या साधनांची सुलभता त्याच्या कक्षेत येते. जागतिक पातळीवर सुलभतेची जी तत्त्वे मानली जातात, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत तर ‘होव्हर’ने उघडणाऱ्या मजकुरासाठी तीन अटी स्पष्ट घातल्या आहेत : तो बाण न हलविता बंद करता आला पाहिजे, त्याच्यावर बाण नेला तर तो नाहीसा होता कामा नये, आणि वाचक स्वतः दूर होईपर्यंत तो टिकला पाहिजे. नियम आहेत, वाचतो कोण?

उपाय अवघड नाहीत. मी माझ्या संकेतस्थळावर केले, म्हणून सांगू शकतो. चार मजले पाडून दोन केले. ‘होव्हर’च्या नियमाशेजारी ‘फोकस-विदिन’ हे शब्द लिहिले, म्हणजे कळफलकाने कलमावर आले तरी यादी उघडते. फोनसाठी टिचकीने उघडणारे स्वतंत्र बटण ठेवले. ते उघडे आहे की मिटलेले हे यंत्राला कळावे म्हणून ‘एरिया-एक्स्पांडेड’ ही खूण जोडली, आणि एस्केप कळीने यादी मिटेल अशी व्यवस्था केली. या शेवटच्या दोन गोष्टी एकट्या शैलीपत्रकाने होत नाहीत; त्यासाठी जावास्क्रिप्टच्या थोड्या ओळी लागल्या. कलमांना ठरावीक उंची देणे सोडले, ओळीतील अंतर वाढविले, आणि उकार-रफार सुटे झाले. शेवटी शैलीपत्रक सबंध काढून टाकून पान वाचून पाहिले. ही परीक्षा मी सर्वांना सुचवितो. वस्त्रे उतरवूनही जी अनुक्रमणिका नीट वाचता येते, तिला कोणतेही वस्त्र शोभते.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे पुढे संगणकाचे काम करतील. पण शिक्षक, ग्रंथपाल, पत्रकार, कारकून, कार्यकर्ते म्हणून आपण कुठल्या ना कुठल्या संस्थेत बसू, आणि केव्हा तरी नव्या संकेतस्थळाचा आराखडा आपल्यासमोर ठेवला जाईल. त्या दिवशी ‘रंग छान आहे’ एवढे बोलून सही करू नका. माऊस बाजूला ठेवायला सांगा. फोनवर उघडून पाहा. खेड्यातून पहिल्यांदाच आलेला माणूस कोणता शब्द शोधील ते विचारा. गुरुजनांनाही एक विनंती : निबंधाच्या आराखड्याला आपण जसे गुण देता, तसा एखाद्या वर्षी सार्वजनिक संकेतस्थळाच्या मेनूचा आराखडा मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. व्याकरण, तर्क आणि सहृदयता यांची एवढी चांगली परीक्षा दुसरी सापडणार नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी मित्राला ग्रंथालयात बोलावले आणि काही न सांगता संगणकासमोर बसविले. टॅबची कळ दाबली गेली. यंत्र म्हणाले, ‘साहित्य.’ पुन्हा कळ. यंत्र म्हणाले, ‘कविता.’ तो थांबला. मग हळूहळू एकेक कलम ऐकत गेला, आणि एका जुन्या अंकाच्या पानावर पोचून तिथली कविता शेवटपर्यंत ऐकली.

“कविता काही खास नाही,” तो म्हणाला.

ती कविता माझी होती. पण त्याच्यापर्यंत ती पोचली होती, आणि नापसंत करण्याचा हक्क त्याला मिळाला होता. माझ्या चार मजली मेनूने तेवढाही त्याला दिला नव्हता.

— तृतीय वर्ष कला (मराठी)